ॲनाचा ट्रॅक, लेव्हिनचा ट्रॅक

‘ॲना कॅरेनिना’ वाचणाऱ्यांमध्ये पानं गाळणाऱ्यांचा एक भलामोठा क्लब आहे. लेव्हिन शेतावर गेला रे गेला की ही मंडळी थेट ॲनाच्या पुढच्या प्रकरणावर उडी मारतात. एकीकडे एवढं जबरदस्त अफेअर चालू असताना गवतकापणी कोण वाचणार? सीरियलमध्ये नको असलेला ट्रॅक लागला की आपण चहा टाकायला उठतो ना, तसंच.

मी लेव्हिनच्या बाजूची आहे. कारण साहित्यिक कमी, पर्सनल जास्त.

आधी कादंबरीचं बोलू. दुसऱ्या भागात घोड्यांची शर्यत आहे. व्रॉन्स्की पडतो, ॲनाचा चेहरा सगळं सांगून टाकतो आणि परतताना गाडीत ती नवऱ्याला तोंडावर सांगते, माझं त्याच्यावर प्रेम आहे. आता नवरा काय करणार? सीरियलवाला इथे ब्रेक घेईल आणि ब्रेकनंतर उत्तर देईल. टॉलस्टॉय मात्र किटीबरोबर आपल्याला जर्मनीला हवापालटासाठी पाठवतो. मग लेव्हिनच्या गावी. गवत, भावाशी वाद, शेतीचे हिशेब. तब्बल १८ प्रकरणं! त्यानंतर आपण पुन्हा त्याच संध्याकाळी, कॅरेनिनच्या गाडीत. बायकोला बंगल्यावर सोडून तो एकटा शहराकडे निघालाय आणि दुखरी दाढ उपटल्यासारखं त्याला हलकं वाटतंय. तिकडे आपण कितीतरी दिवस घालवले, इथे घड्याळ हललेलंसुद्धा नाही.

बरं, ती १८ प्रकरणं टाइमपास नाहीत. व्रॉन्स्कीने झिडकारलेली किटी त्या काळात सावरते, परत येते आणि एका पहाटे तिची घोडागाडी लेव्हिनच्या समोरून जाते. एक संसार मोडत असताना दुसरा जुळायला लागलाय, आणि दोन्हीकडच्यांना एकमेकांची गंधवार्ता नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका मैत्रिणीचं बाळंतपण आणि दुसरीचा डिव्होर्स एकाच पावसाळ्यात आला. कॉलेजपासून आम्ही तिघी. सकाळी बाळाचे फोटो, दुपारी फॅमिली कोर्टाची पुढची तारीख. दोन्ही फोन मलाच. बारशाचं आमंत्रण दुसरीला गेलं नाही. ‘सध्या घरात निगेटिव्ह काही नको गं,’ पहिली म्हणाली. ती वाईट नाहीये हो. झोप नाही, टाके दुखतायत, घर पाहुण्यांनी भरलेलं. पण हे वाक्य मी दुसरीपर्यंत पोचवायचं कसं?

म्हणून मला सातवा भाग फार लागतो. आठ भागांच्या या अवाढव्य कादंबरीत ॲना आणि लेव्हिन समोरासमोर येतात ते फक्त एकदा, इथे. एकच संध्याकाळ. ती त्याला आवडते, तिची दया येते. घरी आल्यावर दिवस भरलेली किटी रडून गोंधळ घालते आणि पहाटेपर्यंत समजूत काढताना तो कबूल करतो, यापुढे ॲनाला टाळीन. झालं! याच भागात पुढे त्याला मुलगा होतो आणि याच भागाच्या शेवटी ॲना रेल्वे स्टेशनवर पोचते.

१८७५ ते १८७७ ही कादंबरी ‘रशियन मेसेंजर’ मासिकात क्रमशः येत होती. राजकीय मतभेदावरून संपादक कॅटकोव्हने आठवा भाग छापायला नकार दिला आणि नायिका गेली म्हणजे कादंबरी संपलीच, अशा अर्थाची टीप टाकून मोकळा झाला. पानं गाळणाऱ्या क्लबचा हा पहिला मेंबर! टॉलस्टॉयने तो भाग स्वतंत्रपणे छापला. त्यात लेव्हिन आहे, बाळ आहे, मधमाश्या आहेत. ॲनाचं नाव जवळजवळ कोणी काढत नाही.

डिव्होर्सवाली मैत्रीण सध्या हेच पुस्तक वाचतेय. काल रात्री तिचा मेसेज आला, ‘लेव्हिन भेटून गेला. छान आहे गं माणूस. परत कधी येतो?’

मी अजून रिप्लाय केलेला नाही.