चौसष्टच्या आधीची

अमेरिकेत शिकार करणाऱ्या माणसासमोर 'प्री-सिक्स्टीफोर' एवढंच म्हणा, पुढे काही जोडू नका. त्याला बरोब्बर कळतं की विषय विंचेस्टरच्या मॉडेल ७० रायफलचा आहे आणि तीही १९६४ च्या आधी बनलेली. आपल्याकडे उजव्या गिअरच्या बुलेटबद्दल बोलताना काही लोकांचा आवाज कसा आपोआप खाली येतो, तसंच.

माझ्या सात पिढ्यांत कुणी गुलेलसुद्धा चालवली नसेल. या देशात बंदुका जरा जास्तच सहज मिळतात असं माझं मत होतं आणि आहे. तरीही गेलं वर्षभर मी शनिवार-शनिवार एक रायफल शोधत फिरलो, त्याला कारण आमचे शेजारी.

आम्ही राहतो पिट्सबर्गच्या जवळ. शेजारी ८३ वर्षांचे, पोलाद कारखान्यात उमेद घालवलेले. माझी मुलं त्यांना आजोबा म्हणतात, म्हणून इथेही आजोबाच म्हणू. १९६१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पगारातून पैसे साठवून त्यांनी .२७० ची कोरी मॉडेल ७० घेतली. कुठून, तर गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून. खिळे, रंग, फावडी आणि शेजारच्या फळीवर रायफली! (१९६८ चा कायदा येईपर्यंत तर बंदूक टपालाने घरपोच येत असे.) पुढे १९८४ मध्ये कारखाना बंद पडला आणि घराचा हप्ता भरायला ती रायफल विकावी लागली.

हे ऐकल्यावर मी 'हो'च म्हणणार होतो. माझे वडील लालबागला, गिरणीत. १९८२ च्या संपात आईच्या पाटल्या गेल्या. मी नोकरीला लागल्यावर पुन्हा केल्या, पण आई अजून त्यांना 'नवीन पाटल्या'च म्हणते.

तीच रायफल मिळणं अशक्य होतं. नंबर त्यांनी कुठे लिहून ठेवला नव्हता, घेणारा माणूस कधीच वारला, आणि पेनसिल्व्हेनियात दोन खाजगी माणसांमधल्या रायफलच्या व्यवहाराला कागद लागत नाही. बरं, कुठल्या सरकारी डेटाबेसला क्वेरी मारावी, तर बंदुकांची देशव्यापी नोंदवही ठेवायलाच १९८६ च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा ठरलं, ती नाही तर तिची बहीण.

आता १९६४ साली असं झालं तरी काय? मॉडेल ७० बाजारात आली १९३६ च्या सुमारास. जर्मन माउझरवरून घेतलेली तिची खुबी म्हणजे बोल्टच्या कडेला असलेली लांब पोलादी नखी. काडतूस मॅगझिनमधून वर आलं की ही नखी त्याची कड लगेच पकडते आणि बोल्ट मागेपुढे होताना ते सोडत नाही. रायफल तिरकी धरा, उलटी धरा, काडतूस हातातल्यासारखं आत जातं. पण हे सगळं घडीव पोलाद कोरून करायचं, म्हणजे मशीनवर तासन् तास आणि वर कसबी कारागीर. खर्च परवडेना. मग १९६४ मध्ये नवी आवृत्ती काढली. नखी गेली, बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकलू लागला आणि पूर्ण बंद झाल्यावरच त्याला धरू लागला. अक्रोडाच्या दस्त्यावर पकडीसाठी हाताने कोरलेली बारीक जाळी असायची, तिच्या जागी दाबून उठवलेला ठसा आला.

गंमत म्हणजे नेमबाजीत नवी रायफल काही वाईट नव्हती. पण लोकांनी दस्ता हातात घेतला, तो ठसा बघितला आणि निकाल लावला. चालू सिस्टिम कॉस्ट कटिंगसाठी रीराइट करणाऱ्या प्रत्येक मॅनेजरला ही गोष्ट सांगावीशी वाटते. कंपनीने १९९० च्या दशकात नखी परत आणली. २००६ मध्ये न्यू हेवनचा जुना कारखाना बंद पडला आणि मॉडेल ७० नंतर दुसरीकडे बनू लागली. नाव तेच. आजोबांना त्यात रस शून्य.

तर आमची वरात निघाली. आजोबा आता लांब गाडी चालवत नाहीत, म्हणून ड्रायव्हर मी. शिवाय टॉर्च आणि वही माझ्याकडे. (एच-वनवर होतो तेव्हा शिकारीच्या लायसन्ससारखा एखादा अपवाद सोडला, तर बंदूक जवळ बाळगणंही मला कायद्याने मना होतं.) गन शो, गहाणवटीची दुकानं, गेलेल्या माणसांच्या घरच्या सामानाचे लिलाव. पहिल्यांदा नंबर बघायचा. नवी आवृत्ती सात लाखापासून सुरू होते, म्हणजे आपल्याला त्याच्या आतला हवा. एका पठ्ठ्याने 'प्री-६४' अशी चिठ्ठी लावून आठ लाखाच्या वरचा नंबर समोर ठेवला! आजोबांनी ती रायफल हळूच खाली ठेवली आणि न बोलता पुढे निघाले.

बाकीच्यांना काय काय झालं होतं! एकीचा दस्ता मागून कापून रबरी गादी बसवलेली. एकीला पॉलिश करताना नळीवरची अक्षरं पुसट झालेली. एकीच्या स्क्रूच्या खाचा चावल्यासारख्या. आणि जी धड असेल तिची किंमत हजार डॉलरच्या पुढे, तीही .२७० किंवा .३०-०६ सारख्या साध्या बोअरमध्ये. दुर्मीळ बोअरचं तर नावच नको.

शेवटी ओहायोत, एका बाईंच्या घरी मिळाली. त्यांच्या नवऱ्याची. १९५८ च्या आसपासची, .२७०, दस्ता अख्खा, मागची पोलादी पट्टी मूळची. आजोबांनी बोल्ट चारदा मागेपुढे केला. आवाज मला आमच्या चाळीतल्या चांगल्या कडीसारखा वाटला. मग त्यांनी पट्टी काढून आत बघितलं, तर लाकडावर खिळ्याने कोरलेली दोन अक्षरं. त्या बाई म्हणाल्या, "ती त्यांची आहेत. घासून टाकलीत तरी चालेल." आजोबा काही बोलले नाहीत. पट्टी जशीच्या तशी बसवली आणि घासाघीस न करता सांगितलेले पैसे दिले. दुसऱ्या राज्यातल्या खाजगी माणसाकडून परस्पर बंदूक घेता येत नाही, म्हणून ती आमच्या गावातल्या परवानेवाल्या दुकानात आली. तिथे फॉर्म भरला, तपासणी झाली आणि मगच हातात मिळाली.

इथे पूर्वी थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणाचा सीझन उघडायचा आणि शाळांना सुट्टी असायची. २०१९ पासून तो शनिवारी उघडतो. आजोबा त्या शनिवारी पहाटे जंगलात गेले, नारिंगी जाकीट घालून, नातवाबरोबर. दुपारी परत आले ते रिकाम्या हाताने. हरीण दिसलं होतं म्हणे, अगदी समोर. मी विचारलं, मग?

"डोळ्यांत पाणी येत होतं थंडीने," ते म्हणाले आणि रायफल पुसायला बसले.