शपथेनंतरचा दिवस

मराठी मनात मद्यपीचे जे चित्र आहे, ते वैद्यकशास्त्राने रेखाटलेले नाही किंवा कायद्यानेही नाही. ते रंगभूमीने रेखाटले आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ रंगमंचावर आणले. तेव्हापासून सुधाकर, सिंधू आणि तळीराम ही पात्रे नाटकाबाहेर पडून लोकव्यवहारात वावरू लागली. तळीराम हे तर विशेषनाम राहिलेच नाही. ते सामान्यनाम झाले.

मात्र समाजाने या नाटकातील दोनच क्षण प्रामुख्याने लक्षात ठेवले: पहिला प्याला आणि अखेरचा. या दोहोंच्या मध्ये एक प्रसंग आहे, त्याची आठवण क्वचितच निघते. सुधाकर दारू सोडतो. त्याचा पश्चात्ताप खरा असतो, निश्चयही खरा असतो. तो कामाच्या शोधात प्रतिष्ठितांच्या दारी जातो आणि तेथे त्याच्या वाट्याला अवहेलना येते. तो पुन्हा प्याल्याकडे वळतो, तो या अवहेलनेनंतर. एक प्याला माणसाचा सर्वनाश करतो, हे नाटकाचे प्रकट सूत्र होय. परंतु शपथ घेतलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी उभे राहायला जागा लागते, हे त्याचे अप्रकट सूत्र. गडकऱ्यांच्या प्रतिभेने जे पाहिले, ते त्यांच्या प्रेक्षकांनी पाहिलेच असे म्हणता येत नाही.

शपथेवरील श्रद्धा आपल्या संस्कृतीत फार जुनी आहे. देवासमोर, आईच्या पायावर हात ठेवून किंवा मुलाच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडलेली माणसे गावोगाव आढळतात आणि शपथ मोडली म्हणून खोटी ठरलेलीही. दीर्घकाळ नित्य मद्यपान करणाऱ्याचे शरीर दारूशी जुळवून घेते. दारू एकाएकी थांबली की हातपाय थरथरतात, झोप उडते, काहींना झटके येतात, भ्रम होतो. वैद्यकीय देखरेख नसेल तर क्वचित प्राणही जातो. हे आज ज्ञात आहे. येथे केवळ मनोनिग्रहाचा प्रश्न नाही. तरीही शपथ मोडणाऱ्यास रोगी मानण्यापेक्षा अपराधी मानणे समाजाला अधिक सोयीचे वाटते. कारण अपराध्याविषयी समाजाचे काही उत्तरदायित्व उरत नाही.

१९८६ मध्ये पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्याच्या पायाभरणीत पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांचे साहाय्य होते. ‘गर्द’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमली पदार्थाने तेव्हा महानगरांतील तरुणांना ग्रासले होते. तेथे उपचार घेऊन बरे झालेले अनेक जण पुढे तेथेच समुपदेशक झाले. ज्याला सुधाकराच्या काळात दार बंद झाले असते, त्यालाच येथे दार उघडण्याचे काम मिळाले. पुन्हा घसरलेल्याला शपथभंग करणारा न मानता परत आलेला मानणे, ही दृष्टी मराठी समाजाला सर्वस्वी नवी होती.

सिंधूच्या संदर्भातही हेच म्हणावे लागेल. ती दळण दळून संसार रेटते आणि अखेरपर्यंत पतीवर बोल येऊ देत नाही. प्रेक्षकांच्या कित्येक पिढ्यांनी त्या पातिव्रत्याला अश्रूंनी वंदन केले. परंतु पत्नीने व्यसन झाकले की ते अधिक काळ टिकते, हा उपचारकेंद्रांचा अनुभव आहे. म्हणूनच पत्नींसाठी स्वतंत्र बैठका घेतल्या जातात आणि तेथे सर्वांत कठीण ठरते ते प्रथमच मोकळेपणाने बोलणे.

शासनाची भूमिका मात्र द्विधा राहिली आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद ४७ मद्यनिषेधाचे उद्दिष्ट सांगतो. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा वारसा महाराष्ट्र आजही वागवतो आणि ‘दारूबंदी’ हे नाव धारण करणाऱ्या त्याच कायद्याखाली मद्यविक्रीचे परवाने देऊन महसूलही मिळवतो. गडचिरोलीत लोकचळवळीतून १९९३ मध्ये दारूबंदी आली. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठवण्यात आली. या वादात दोन्ही बाजू बाटलीविषयी बोलतात. दुकान उघडे असावे की बंद, हा प्रश्न गौण नाही; गावातील दुकान बंद व्हावे म्हणून रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांना त्याचे मोल ठाऊक आहे. परंतु दुकान बंद झाल्यावरही व्यसनी माणूस घरातच असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजारांत समावेश केला. जे शब्दांत मान्य झाले, ते तालुक्याच्या रुग्णालयातील खाटेपर्यंत, औषधापर्यंत आणि समुपदेशकापर्यंत पोहोचणे, हे धोरणाचे खरे काम होय.

‘एकच प्याला’ आज वाचताना म्हणूनच दृष्टी त्या मधल्या प्रसंगावर स्थिरावते. सुधाकर शुद्धीवर आहे, त्याने दारू सोडली आहे आणि तो काम मागतो आहे. त्या क्षणी त्याचे भवितव्य एकट्या त्याच्या हाती नसते. ज्यांच्या दारी तो उभा आहे, त्यांच्याही हाती असते.