जुन्या मोटारीची पारख

जुनी वस्तु विकत घेणें म्हणजे दुसऱ्यानें वापरून उरलेलें आयुष्य विकत घेणें होय. तें किती उरलें आहे हें विकणारा सांगत नाहीं, आणि पुष्कळदां त्यालाही तें ठाऊक नसतें. आपल्या पूर्वजांना घोडा विकत घेतांना हीच अडचण येत असे; पण त्यांनीं तिच्यासाठीं एक शास्त्रच करून ठेवलें होतें. दांत पाहून वय ओळखावें, अंगावरचे भोंवरे पाहून शुभाशुभ ठरवावें, रपेट मारून खोड हुडकावी, आणि इतकें करूनही मन निवळलें नाहीं तर सालोत्र्यास बोलवावें. पुढें घोडा गेला व मोटार आली. मोटारीचे दांत कोठें पाहावयाचे हें मात्र प्रत्येक ग्राहकाला नव्यानेंच शिकावें लागतें.

त्यांतही दोन आसनांची, छप्पर उघडणारी, केवळ हौसेखातर बनविलेली स्पोर्ट्स मोटार घ्यावयाची असेल तर ही परीक्षा अधिकच अवघड होते. साधी गाडी रोज कामावर जाते, वेळेवर तेलपाणी घेते आणि निमूटपणें म्हातारी होते. स्पोर्ट्स मोटारीच्या वांट्यास अशी मध्यमवर्गीय दिनचर्या क्वचितच येते. एक तर तिला कोणी बेफाम पळवितो, किंवा कोणी वर्षानुवर्षें झांकून ठेवतो. पहिल्यानें यंत्र झिजतें हें सर्वांना समजतें. पण दुसऱ्यानेंही तें बिघडतें हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. उभ्या गाडींतील रबर सुकतें, ब्रेकच्या चकत्या गंजतात, टांकींतलें पेट्रोल शिळें होतें. म्हणून ‘फारच कमी चालली आहे हो!’ ही विकणाऱ्याची स्तुति ऐकून हुरळून जाण्यापेक्षां ती कां कमी चालली हें विचारणें शहाणपणाचें.

आम्ही गेलीं तीस वर्षें इंग्लंडांत राहतों. नोकरीचा जू मानेवरून उतरल्यावर अशी एक गाडी घ्यावी, आणि उन्हाळ्यांतल्या चार बऱ्या दिवशीं तिचें छप्पर मागें टाकून गांवोगांव हिंडावें, ही हौस फार दिवसांची होती. नव्या गाडीची किंमत आमच्या आवांक्याबाहेरची. जुनीसाठीं जी रक्कम काढतां येत होती तिच्याच शेजारीं दुसरी एक रक्कम बांधून ठेवलेली असते. ती दरवर्षीं पुण्यास जाण्याची. तेथें आमच्या थोरल्या ताई आहेत; त्यांचें वय चौऱ्यायशीं. गाडीनें दगा दिला तर दुरुस्तीचा पैसा त्याच गांठोड्यांतून निघणार आणि पुण्याची एक फेरी बुडणार हें उघड होतें. चौऱ्यायशींव्या वर्षीं बुडालेली फेरी पुढच्या वर्षीं भरून काढतां येईलच असें कोणी सांगावें? ‘ही गाडी किती वर्षें टिकेल?’ हा प्रश्न म्हणूनच आम्हांला नुसत्या हौसेचा वाटत नव्हता.

‘पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा’ ही म्हण जुन्या मोटारींच्या बाबतींत अक्षरशः खरी आहे. प्रत्येक नमुन्याची ठेंच कोठें लागते हें आतांपर्यंत जगजाहीर झालें आहे. १९८२ ते १९९१ या काळांत निघालेली पोर्श ९४४ ही गाडी घ्या. तिच्या एंजिनांतील झडपा आणि दट्टे यांची चाल एका दातेरी रबरी पट्ट्यानें जुळविलेली असते. तो पट्टा मुदतींत बदलला तर चिंता नाहीं; पण तो तुटला तर दट्टे झडपांवर आदळतात, झडपा वांकतात, आणि पट्ट्याचे पैसे वांचविणाऱ्याला एंजिनाचे पैसे भरावे लागतात. त्याच कंपनीची १९९६ सालीं आलेली बॉक्स्टर पाहा. तिच्या एंजिनांत एक मधला दांडा आहे. त्याच्या टोकाचें लहानसें बेअरिंग कांहीं गाड्यांत झिजून फुटतें, आणि फुटलें कीं बहुधा सगळें एंजिनच निकामी होतें. अमेरिकेंत याविषयीं ग्राहकांनीं सामुदायिक दावा लावला व २०१३ सालीं त्यांत तडजोड झाली. कंपनीनें २००९ च्या नमुन्यापासून तो दांडाच एंजिनांतून काढून टाकला. बहुसंख्य बॉक्स्टर गाड्या सुखरूप चालतात हेंही तितकेंच खरें. पण आपल्या पुढ्यांतली गाडी बहुसंख्यांतली कीं अल्पसंख्यांतली हें बाहेरून कसें ओळखावें? होंडा कंपनीची एस-२००० ही गाडी १९९९ ते २००९ पर्यंत निघाली. तिचें सुरुवातीचें दोन लिटरचें एंजिन मिनिटास ९,००० फेऱ्यांपर्यंत जातें आणि तें मोठें चिवट म्हणून नांवाजलेलें आहे. मात्र मालकानें तेलाची पातळी वेळोवेळीं पाहिली असेल तरच.

या साऱ्याचा विचार करतां आमचें मन माझ्दा एमएक्स-५ कडे वळलें. १९८९ च्या फेब्रुवारींत शिकागोच्या प्रदर्शनांत ही गाडी प्रथम लोकांपुढें आली, आणि २०१६ सालीं दहा लाखावी गाडी कारखान्यांतून बाहेर पडली. जुन्या इंग्रजी दोन आसनी गाड्यांचा डौल घेऊन त्यांचा नादुरुस्तपणा तेवढा जपान्यांनीं गाळून टाकला. तिच्या पहिल्या पिढीच्या एंजिनांतही दातेरी पट्टा आहे. पण तो तुटला तर गाडी रस्त्यांत उभी राहते, एंजिन मोडत नाहीं. अर्थात् रोग हिलाही आहे, आणि तो म्हणजे गंज. इंग्लंडांत हिवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. तें मीठ खालून लागतें. शिवाय कापडी छपरावरचें पाणी वाहून जावें म्हणून आसनांच्या मागें दोन नळ्या ठेवलेल्या असतात. त्या पालापाचोळ्यानें तुंबल्या कीं पाणी आंत मुरतें. दोन्हींकडून दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि मागच्या चाकांच्या कमानी कुजत जातात. तरीही आम्हीं हीच गाडी पत्करली, याचें कारण सरळ आहे. गंज हा उघडा रोग आहे. तो बोटानें चाचपतां येतो, वाजवून ऐकतां येतो. दिसणाऱ्या रोगाशीं माणसाला हिशेब करतां येतो. न दिसणाऱ्या रोगाशीं नुसती प्रार्थना करावी लागते.

गाडी पाहण्यापूर्वीं तिचें चरित्र वाचण्याची एक उत्तम सोय या देशांत आहे. तीन वर्षांहून जुन्या मोटारीची येथें दरवर्षीं सक्तीची तपासणी होते, आणि २००५ पासूनच्या तपासण्यांचा वृत्तांत नुसत्या गाडीच्या क्रमांकावरून कोणालाही फुकट वाचावयास मिळतो. तींत किती मैल झाले, कशांत नापास झाली, आणि ‘पुढें लक्ष ठेवावें’ म्हणून परीक्षकानें काय काय बजावलें, हें सारें असतें. मैलांचा आंकडा एखाद्या वर्षीं मागें गेलेला दिसला तर समजावयाचें तें समजावें. पण आम्हांला सर्वांत बोलका वाटला तो बजावणीचा रकाना. ‘मागच्या चाकापाशीं गंज’ हा शेरा एका वर्षीं आला आणि पुढच्या वर्षीं नाहींसा झाला, तर मधल्या काळांत कोणी तरी जबाबदार माणूस होऊन गेला असें मानावें. तोच शेरा ओळीनें चार वर्षें येत राहिला तर गाडी नव्हे, मालक गंजला आहे असें खुशाल समजावें.

या रीतीनें पुष्कळ चरित्रें चाळून आम्हीं तीन गाड्या प्रत्यक्ष पाहिल्या. पहिली एका व्यापाऱ्याकडची, २००३ सालची. ३८,००० मैल झालेली, आरशासारखी चकचकीत. आम्ही पोंचलों तेव्हां तिचें एंजिन ऊन होतें. पाहुणे येण्यापूर्वीं एंजिन तापवून ठेवणें हें मुलगी दाखवितांना दिवा मंद करण्यासारखें आहे. कारण थंड एंजिन सुरू होतांना जी खडखड करतें, जो निळा धूर सोडतें, तेंच ऐकावयाचें व पाहावयाचें असतें. खालीं वांकून पाहिलें तों साऱ्या पोटाला काळ्या रंगाचा ताजा जाड लेप. मागील तीन वर्षांच्या वृत्तांतांत गंजाचे शेरे होते, आणि बिलांत दुरुस्तीचा कागद एकही नव्हता. लेपाखालीं काय दडलें आहे हें पाहण्यास आम्ही थांबलों नाहीं.

दुसरी गाडी एका तरुणाची, १९९९ सालची. त्यानें धुराची नळी बदलून मोठी गर्जना करणारी बसविली होती आणि गाडी जमिनीला टेकेल इतकी खालीं केली होती. टायर मात्र चारही चार कंपन्यांचे. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात; पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. त्यांवरून एक टायर बारा वर्षांचा निघाला. तेलाची कांडी ओढून पाहिली तों तळाशीं ओलसर ठिपका. ज्यानें गर्जनेवर एवढा खर्च केला त्याला तेलाच्या डब्यावर चार पैसे घालवावेसे वाटले नाहींत! मुलगा मोठा गोड होता, आणि त्याचें एंजिन आमच्यासमोर चांगलेंच चाललें; पण तें कोणाच्या पुण्याईवर चालत होतें हें सांगणें कठीण.

तिसरी गाडी एका निवृत्त शिक्षिकेची, १९९६ सालची, ९२,००० मैल चाललेली. किंमत तिघांत अधिक. बाईंची दृष्टि मंदावल्यानें त्यांना गाडी चालविण्याची मनाई झाली होती, म्हणून त्या ती विकत होत्या. आम्ही येणार म्हणून त्यांनीं सकाळपासून एंजिनाला हात लावला नव्हता. टेबलावर एक वही ठेवलेली होती. पट्टा तीनदां बदलल्याच्या तारखा तींत होत्या. दर शरद ऋतूंत पाण्याच्या नळ्या साफ केल्याची नोंद होती. २०१४ सालीं दारांखालच्या पट्ट्या कापून नव्या जोडल्या त्याचीं छायाचित्रें चिकटविलेलीं होतीं. थंडींत दुसरा गिअर अडखळतो, मागच्या खिडकीच्या शिवणींतून थेंबभर पाणी येतें, हे दोष त्यांनीं न विचारतां सांगितले. ज्याला लहान दोष सांगण्याची लाज वाटत नाहीं, तो मोठे दोष लपविण्याची शक्यता कमी असते.

परत येतांना आमच्या सौभाग्यवतींनीं इतका वेळ मनांत ठेवलेला प्रश्न काढला. “अहो, गाडी किती वर्षें टिकेल म्हणून तुम्ही महिनाभर पुस्तकें उलथींपालथीं करीत आहांत. त्या इतक्या खालच्या आसनांत आपल्याला आणखी किती वर्षें उतरतां येईल, आणि उतरलों तर वर येतां येईल, याचा कोठें वृत्तांत मिळतो का?”

प्रश्न थट्टेचा होता, पण उत्तर थट्टेवारी नेण्यासारखें नव्हतें. ‘दीर्घकाळ’ हा शब्द आपण उगीचच निराकार ठेवतों. तो कोणाचा काळ? पंचविशींतल्या माणसानें गाडी तीस वर्षें टिकावी असें म्हणावें. आम्हांला फार तर दहा-बारा वर्षांची गरज. एवढ्या काळासाठीं पट्टा दोनदां, क्लच एकदां, छपराचें कापड एकदां, टायर दोनदां, आणि गंजासाठीं कांहीं राखीव, असा हिशेब मांडला तेव्हां प्रश्नाची भीति निम्मी झाली. न तुटणारी गाडी जगांत नाहीं. आपल्याला परवडेल तेवढीच तुटणारी गाडी हवी असते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला हा व्यवहार मसाल्याची किंमत आधीं न विचारणाऱ्याच्याच पदरीं पडतो.

पुढें रिवाजाप्रमाणें सालोत्री आला. दोन्ही पक्षांशीं संबंध नसलेल्या एका यंत्रज्ञास फी देऊन गाडी उंच उचलवून पाहिली. गाडीवर कर्ज थकलेलें नाहीं, विमा कंपनीनें ती कधीं मोडींत काढलेली नाहीं, याची खातरजमा केली. कारण येथलें नोंदणीपत्र गाडी कोणाच्या नांवावर आहे एवढेंच सांगतें, ती कोणाच्या मालकीची आहे हें सांगत नाहीं. सर्व कांहीं बाईंच्या वहीप्रमाणेंच निघालें.

पैसे देण्यास गेलों तेव्हां मात्र निराळाच प्रसंग आला. बाईंनीं आमचीच चौकशी आरंभिली. गाडी रात्रीं छपराखालीं राहणार कीं उघड्यावर? हिवाळ्यांत मिठाच्या रस्त्यांवर नेणार का? तेल किती मैलांनीं बदलणार? दुसरा गिअर अडखळला तर जोर करणार कीं थांबणार? वरपक्षाच्या बैठकींत बसलेल्या मुलासारखे आम्ही एकेक उत्तर देत होतों, आणि आम्ही पसंत पडूं कीं नाहीं याची आम्हांला खरोखर धास्ती वाटत होती.

मागाहून विचार करतां वाटलें, कीं त्या बाईंनीं जुनी मोटार पारखण्याचें खरें मर्म आम्हांला दाखविलें. गाडीचा टिकाऊपणा कारखान्यांत एकदांच ओतून ठेवलेला नसतो. कारखाना भांडवल देतो. त्यावर व्याज मिळवायचें कीं तें उधळून टाकावयाचें हें पुढचे मालक ठरवितात. म्हणून मागचे मालक कसे होते हें शोधणें ही अर्धी परीक्षा झाली. उरलेली अर्धी परीक्षा पुढच्या मालकाची, आणि ती घेणारा सहसा कोणी भेटत नाहीं.

गाडीबरोबर बाईंनीं वहीही दिली. त्यांच्या शेवटच्या नोंदीखालीं आतां आमच्या अक्षरांतल्या पांच नोंदी झाल्या आहेत. येत्या नोव्हेंबरांत रस्त्यांवर मीठ पडावयास लागलें कीं गाडी झांकून ठेवावयाची आणि आम्ही पुण्यास ताईंकडे जावयाचें, असें ठरलें आहे. तिकिटें काढून झालीं आहेत. निघण्यापूर्वीं पाण्याच्या त्या दोन नळ्या तेवढ्या साफ करावयाच्या राहिल्या आहेत.