फर्ग्युसनच्या टेकडीवर

पुण्याला गेलो की फर्ग्युसन कॉलेजच्या आवारातून मागच्या टेकडीवर एक चक्कर टाकायची, असा माझा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. तसा त्या कॉलेजशी माझा काडीचाही संबंध नाही. दूरच्या एका तालुक्याच्या गावी इतिहास शिकवून मी निवृत्त झालो. पण कॉलेजच्या नोकरीत ज्याचे केस पिकले, त्याला हे आवार आजोळासारखे वाटते. यंदाच्या आश्विनात मात्र फाटकात पाऊल टाकताना छातीत जरा धडधडले. आमचा एक तरुण सहकारी मला तिथे भेटणार होता. पाच वर्षांपूर्वी मी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवले होते.

ती हकीकत पुढे येईलच. तो यायला अवकाश होता, म्हणून मी झाडांखालून हिंडत राहिलो.

कॉलेज निघाले १८८५ मध्ये, गावात. या दगडी इमारतीत ते आले १८९५ साली. तेव्हा इकडे माळच होता. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद वीस वर्षे शिकवण्याचे वचन देत आणि दरमहा ७५ रुपयांत संसार करीत. अण्णासाहेब कर्वे तर पुढे हिंगण्याहून पायी येऊन गणित शिकवीत. हे सगळे आपण भक्तिभावाने सांगतो. पण पगार वाढवावा की नाही, बाहेरची मिळकत सभासदाने घरी न्यावी की संस्थेत भरावी, यावरून ही थोर मंडळी कडाकडा भांडलीही होती. त्यागाचा नेम मोडू नये, असे टिळकांचे म्हणणे. आगरकर-गोखल्यांना प्रपंचाची ओढाताण दिसत होती. १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. हे तत्त्वांचे भांडण म्हणून मी तीस वर्षे शिकवले. त्यात डाळ-तांदळाचाही हिशेब होता, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरले.

आगरकर प्राचार्य असतानाच दम्याने गेले. तारीख १७ जून १८९५, वय अवघे ३८. अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून उशाशी ठेवले होते, असे सांगतात. प्राचार्याला आपल्या सरणाची तजवीज आपणच करावी लागावी! वर्गात हे सांगताना माझा आवाज दाटून येई. मुलेही गप्प होत. आणि तास संपवून मी पतसंस्थेच्या खोलीत जाऊन बसे.

कारण आमच्या कॉलेजच्या सेवकांच्या पतसंस्थेचा मी चिटणीस होतो. कुणाच्या मुलीचे लग्न, कुणाच्या घराची गच्ची, कुणाचे दवाखान्याचे बिल. पगारातून हप्ता कापायचा आणि अडलेल्याची गरज भागवायची. काम पुण्याचे होते, मला अभिमानही होता. हा तरुण तासिका तत्त्वावर शिकवीत असे. जितके तास तितके मानधन, तेही सहा-सहा महिने हातात पडत नसे. एके दिवशी तो दाराशी येऊन उभा राहिला. आईचे ऑपरेशन होते. मी पोटनियमांची वही काढून दाखवली : कर्ज सभासदाला, आणि सभासद कायम नोकरीतला. तो म्हणाला, ‘‘बरंय सर.’’ चहासुद्धा न घेता गेला.

आता समोरून तो हसतच आला, वाकून नमस्कार केला. पुण्यात खासगी क्लासात शिकवतो म्हणाला. आम्ही टेकडी चढू लागलो. गवत पिवळे पडू लागले होते. गोखल्यांनी १९०५ मध्ये याच टेकडीवर भारत सेवक समाजाची शपथ घेतली, वगैरे मी सांगत होतो. खरे तर मला दम लागला होता आणि दुसरे काही बोलायचे धैर्य नव्हते. वर पोहोचल्यावर एका दगडावर टेकलो तेव्हा कसेबसे विचारले, ‘‘आई कशा आहेत?’’

‘‘ठणठणीत आहे. रोज देवळात जाते.’’

‘‘मग त्या वेळी पैशांचं...?’’

‘‘तुम्हाला ठाऊक नाही?’’ त्याला खरेच नवल वाटले. ‘‘आपल्या शिपाईमामांची भिशी होती ना? लॅबमधले दोघे, लायब्ररीतले मामा, झाडलोट करणाऱ्या मावशी, सगळे त्यात होते. त्या महिन्याचा नंबर मावशींचा होता. त्यांनी तो मला दिला.’’

झाडलोट करणाऱ्या मावशी रोज सकाळी माझी खोली झाडत असत. भिशीविषयी त्यांनी मला कधी सांगितले नाही. मीही कधी विचारले नव्हते.

‘‘त्यांना घराचे पत्रे घालायचे होते,’’ तो म्हणाला. ‘‘त्या वर्षीचा पावसाळा त्यांनी ताडपत्रीवर काढला.’’

खाली दिवे लागू लागले होते. बराच वेळ आम्ही तसेच बसलो. उठताना त्याने हाताला धरून मला उभे केले आणि सहज विचारल्यासारखे विचारले,

‘‘सर, पतसंस्थेत आता तासिकावाल्यांना घेतात का हो?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘मी होतो तोवर तरी नाही.’’

उतरताना वाट निसरडी होती. त्याने माझा हात शेवटपर्यंत सोडला नाही. फाटकाबाहेर चहा घेतला. मी पाकीट काढेपर्यंत त्याने पैसे देऊन टाकले होते.