तीसपैकी सव्वीस, तरी भिशी बंद

मंडळी, आमच्या आत्याची मध्यंतरी स्मृतीची चाचणी झाली. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. आज तारीख काय, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा. तीसपैकी सव्वीस! "वयाच्या मानाने उत्तम," असं सांगून घरी पाठवलं.

आता घरची हकीकत. आत्या सहा महिने भिशीला गेलेली नाही. शेजारच्या काकू आल्या की आतल्या खोलीत जाऊन बसते. फोन वाजला की म्हणते, "तूच बोल." हे त्या सव्वीस मार्कांत कुठे दिसतं?

ही चाचणी १९७५ सालची. स्मरण, लक्ष, भाषा यांच्यासाठी ती कामाचीच आहे. पण त्यात शिकलेल्या माणसाला मार्क जास्त पडतात आणि शाळेची पायरी न चढलेली ठणठणीत आजी मागे पडते. माणसांत मिसळणं तर ती विचारतच नाही.

मग ते मोजता येतं का? येतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी डिमेन्शियासाठी २०१७ मध्ये अशी प्रश्नावली मांडली. लोकांबरोबर वेळ घालवणं, बोलणं, समोरच्याच्या भावनांची जाण, हे तिचे विषय. रुग्णाला वेगळं विचारायचं, सांभाळणाऱ्याला वेगळं. हे फार महत्त्वाचं. आत्या म्हणते, "मला एकटं बरं वाटतं." आम्ही म्हणतो, "ती तुटत चाललीय." दोन्ही खरं असू शकतं.

आपल्याकडे मानसिक अपंगत्वाच्या दाखल्यासाठी 'आयडियाज' नावाची मोजपट्टी आहे. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, काम असे तिचे चार भाग. म्हणजे हा प्रश्न सरकारदरबारी आहेच! फक्त तो दाखला काढताना, आजार बराच पुढे गेल्यावर विचारला जातो.

माझं म्हणणं एवढंच. ज्येष्ठांच्या शिबिरात बीपी-शुगर बघता, तिथेच आणखी तीन प्रश्न विचारा. गेल्या महिन्यात कुणाकडे गेलात? कुणाला आपणहून फोन केलात? पूर्वी जायचात आणि आता बंद झालं, असं काय? उत्तरं "नाही" आली म्हणजे डिमेन्शियाच, असं नव्हे. कमी ऐकू येत असेल, मन खचलं असेल. पण त्यावरही उपाय असतातच ना?

आपल्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे पदाधिकारी हे वाचत असतील, तर पुढच्या शिबिरात करून बघा. कागद-पेन घेऊन बसायला मी येतो.