पाहुणी गोधडी

पौषातल्या सकाळी ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या लोकलमध्ये खिडकीशी जागा मिळाली, तर रुळांलगतच्या इमारतींचे कठडे अवश्य पाहावेत. उन्हात टाकलेल्या रजया आणि चादरींमध्ये एखादी गोधडी हटकून दिसते. जुन्या नऊवारीचे काठ, शर्टाच्या चौकडी, फ्रॉकवरची फुले असे एका घराचे कितीतरी दिवस तिच्यावर शेजारी शेजारी बसलेले असतात. ती कोणी शिवली, हे मात्र तिच्यावर कुठेही लिहिलेले नसते.

या प्रदेशाचे कापडाशी असलेले नाते फार जुने आहे. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्या कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे तेथील शिलालेखांत आजही वाचता येतात. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने कल्याणहून बाहेर जाणाऱ्या मालात पितळ आणि लाकडाबरोबर कापडाची नोंद केली. तेराव्या शतकाच्या अखेरच्या काळातील मार्को पोलोच्या वृत्तांतात ठाण्याच्या सुती कापडाचा उल्लेख येतो. आज भिवंडीत यंत्रमाग चालतात आणि निर्वासितांच्या छावणीतून १९४९ साली नाव मिळवलेल्या उल्हासनगरात जीन्स शिवल्या जातात. दान देणाऱ्याचे नाव राहिले, विकणाऱ्याच्या मालाची नोंद राहिली. त्याच कापडाला जीर्ण झाल्यावर पुन्हा उबदार करणाऱ्या स्त्रीची नोंद करावी, असे कोणाला वाटले नाही.

ती उणीव भरून काढण्याचा एक साधा मार्ग आहे. आपल्या महिला मंडळाने एखाद्या गोधडीकार स्त्रीला सन्मानाने बोलवावे आणि तिच्या कामाचे प्रदर्शन भरवावे. पाहुणी कोठून यावी? कल्याण जंक्शनवरूनच पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा या मार्गाने गाड्या जातात. लोंढ्याच्या पुढे अळणावर स्थानक लागते आणि तेथून हल्याळ जवळ आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या उत्तर कन्नड जिल्ह्यातील तालुक्यांत सिद्दी समाजाची वस्ती आहे. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून पोर्तुगीजांच्या गोव्यात आणले गेले, आणि त्यांतील अनेकांनी तेथून निसटून या अरण्यांचा आश्रय घेतला. त्यांच्या कोकणी बोलीत मराठीचे शब्द भेटतात. त्यांच्या स्त्रिया जी गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात.

आपल्याकडे सहसा जुन्या लुगड्यांचे थर अंथरून, कडा दुमडून मग सर्वत्र धावदोरा घालतात. कवंदीत एक जुनी साडी खाली पसरतात, एका कोपऱ्यापासून एकेक ठिगळ दुमडून लावत कडेकडेने फिरतात आणि आत आत सरकत मध्यावर येऊन थांबतात. आधी आखलेला नमुना नसतो. शेवटी चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले लहान त्रिकोणी तुकडे बसवतात. त्यांना फुले म्हणतात, आणि ती लावल्याखेरीज कवंदी पूर्ण मानत नाहीत. २००४ साली तेथील स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली. २०११ साली त्यांच्या कवंदींचे प्रदर्शन न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्रात भरले. जी वस्तू न्यूयॉर्कच्या भिंतींपर्यंत पोहोचली, ती डोंबिवलीच्या सभागृहात यायला एका रात्रीचा प्रवास पुरेसा आहे.

मात्र बोलावणे म्हणजे जबाबदारी घेणे. भातकापणी उरकल्यावरचे दिवस निवडावेत, म्हणजे पाहुणीचे शेतीचे काम बुडत नाही. ती एकटी नव्हे, सोबतिणीसह येईल असे धरून दोघींचा प्रवासखर्च आणि मानधन आधीच ठरवावे. उतरण्याची सोय घरगुती असावी. गोधड्यांना खिळे ठोकू नयेत. त्या दोरीवर अशा टाकाव्यात की दोन्ही बाजू पाहता येतील, कारण टाक्यांची खरी चाल मागच्या बाजूला कळते. सभागृहात एक सतरंजी अंथरून पाहुणीला शिवायला बसू द्यावे आणि पाहणाऱ्यांनीही खुर्ची सोडून तिच्याजवळ बसावे. किंमत तिने सांगावी. भाजीबाजारातली घासाघीस तेथे शोभत नाही. एका गोधडीत कित्येक आठवड्यांच्या दुपारी गेलेल्या असतात आणि जुने कापड वापरले म्हणून तो वेळ फुकटचा ठरत नाही.

आणि प्रत्येक गोधडीशेजारी एक कार्ड असावे. त्यावर शिवणाऱ्या स्त्रीचे नाव, गाव आणि लागलेले दिवस लिहावेत. ‘पारंपरिक हस्तकला’ एवढेच लिहून भागवणे म्हणजे पुन्हा तिचे नाव पुसणे होय.

पाहुणीच्या कामासमोरची भिंत यजमान घरांसाठी राखून ठेवावी. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत चाळी जाऊन मनोरे आले, तेव्हा अनेक घरांतल्या गोधड्या माळ्यावर किंवा दिवाणाच्या पोटात गेल्या. प्रत्येक घराने त्यांतली एक बाहेर काढावी, ऊन द्यावे आणि तिच्यासाठीही तसेच कार्ड लिहावे. बहुतेकांचा हात नावाच्या रकान्यापाशी थांबेल. आजी की पणजी, माहेरची की सासरची, कोणत्या गावी, कोणत्या बाळंतपणात शिवली? हे सांगणारे माणूस अजून घरात असेल, तर प्रदर्शनाची तारीख ठरेपर्यंत थांबू नये. आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बसावे, गोधडी मांडीवर पसरावी आणि एकेका ठिगळावर बोट ठेवून विचारावे.