झाडूची पाळी सगळ्यांची

शाळेत आता जातपात राहिली नाही, असे पुष्कळ लोक सांगतात. पण कामे वाटताना ती बरोबर दिसते, आणि मुलगी-मुलगा हा भेदही दिसतो.

माझी मुलगी नववीत आहे. शनिवारी वर्ग मुलींनीच झाडायचा आणि संडासात पाण्याच्या बादल्या आमच्या वस्तीतल्या तीन मुलींनीच न्यायच्या, असा त्यांच्या शाळेत रिवाज पडला होता. तिने कारण विचारले. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "तुम्हाला सवय असते." सारा वर्ग हसला.

"आई, शाळा सोडू का?" घरी येऊन तिने विचारले. मी चार घरची धुणीभांडी करते. शाळा सुटली की पुढे काय वाढून ठेवलेले असते, ते मला ठाऊक आहे. मी सांगितले, शाळा सोडायची नाही आणि गप्पही बसायचे नाही.

रविवारी विहारात मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. तिथल्या ताईंनी मुक्ता साळवेची माहिती दिली. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या या मांग समाजाच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मग बाबासाहेबांच्या संविधानातले कलम १५ वाचले. भेदभावाला मनाई करताना त्यात जात आणि लिंग दोन्ही एकाच ओळीत आहेत.

दहावीतला माझा मुलगा म्हणाला, "बादल्यांचे ठीक आहे, पण झाडू पोरींनी मारला तर काय बिघडले? त्यांना सवय असते." ताई शांतपणे म्हणाल्या, "हेच वाक्य त्या बाईंचे होते ना?" तो खाली मान घालून बसला.

मुलांनी अर्ज लिहिला. त्यात शिवीगाळ नाही, रडगाणे नाही. तारीख, कोणते काम, कुणाला सांगितले, काय बोलले, एवढेच. मागणी अशी, की संडासाचे काम विद्यार्थ्यांना देऊ नये आणि झाडण्याची पाळी हजेरी क्रमांकाप्रमाणे मुलामुलींना सारखी लावावी. अकरा सह्या झाल्या, त्यात चार मुलगे. एक माझा. अर्ज मुख्याध्यापकांना देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली.

पाळीचा तक्ता आता भिंतीवर लागला आहे. बाई मुलीशी अजून नीट बोलत नाहीत. ती मात्र पहिल्या बाकावर बसते.

भगिनींनो, मुलांना अर्ज लिहायला शिकवा, पोच घ्यायला शिकवा. आणि जेवण झाल्यावर ताटे उचलायची पाळी मुलालाही लावा. शाळेत मागितलेला न्याय आधी आपल्या घरात दिसला पाहिजे.